मराठी सबटायटल द्या: झोंबी मालिका दाखवणाऱ्या कंपनीला सोलापुरातून खुलं पत्र

प्रति,
कुठला कार्यक्रम कुठल्या भाषेत द्यायचा हे ठरवणारे साहेब आणि मॅडम,

सप्रेम नमस्कार.

तुमची झोंबीची नवी मालिका आमच्या घरात बघून झाली, आठच्या आठ भाग. पहिल्यांदा हे सांगून टाकतो की मालिका आवडली, लई आवडली, ओळखीच्या दहा जणांना मी स्वतः फोन करून बघा म्हणून सांगितलं. त्यामुळं हे पत्र "असलं काय दाखवता, पोरं बिघडतात" अशातलं नाही. एवढी चांगली मालिका माझ्या आईवडिलांना धड बघता आली नाही, आणि ती का बघता आली नाही हे तुमच्या ऑफिसात कुणीतरी बसून ठरवलंय, म्हणून लिहायलोय. तुम्हाला पाठवलेल्या दोन मेलला उत्तर आलं नाही म्हणून आता सगळ्यांसमोर लिहायलोय.

कंपनीचं नाव लिहीत नाही. बाकीचेही हेच करतात, आणि त्यांनीही हे वाचावं असं मला वाटतंय.

आमच्या घराबद्दल थोडं सांगावं लागेल, नाहीतर तुम्हाला वाटेल एवढं काय त्यात. वडील, आम्ही आबा म्हणतो, ३४ वर्षं पॉवरलूमवर होते. आधी साखर पेठेत, नंतर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. आधी चादरी, मग टॉवेल. सोलापुरी चादरीला जीआय मानांकन आहे हे तुम्ही कुठंतरी वाचलं असेल, ती चादर काढणाऱ्याचे कान कसे होतात ते कुणी छापत नाही. कारखान्यात पाऊल टाकलं की डोक्यात घण घातल्यागत होतंय, आडवं सूत नेणारा धोटा इकडून तिकडं आपटत असतो, शेजारी उभा माणूस बोंबलला तरी कळत नाही. ८५ डेसिबलच्या वरच्या आवाजात रोज आठ तास काढले तर कान जायला लागतात असं डॉक्टर सांगतात, मागांचा आवाज त्याच्या बराच वर असतो आणि आबांची पाळी बारा तासांची असायची. कानात कापसाचा बोळा, दुसरं काही नाही.

कानाच्या डॉक्टरांनी आम्हाला तपासणीचा आलेख दाखवला होता. रेघ बरी चाललेली असते आणि ४००० हर्ट्झपाशी, म्हणजे उंच पट्टीच्या आवाजापाशी, आली की विहिरीत पडल्यागत खाली जाते. त्यांनी समजावून सांगितलं की आबांना आवाज येतो पण शब्द येत नाही. स, श, त, फ ही असली अक्षरं त्यांच्यापर्यंत पोचतच नाहीत, तुम्ही "सात" म्हणा नाहीतर "हात" म्हणा, त्यांना मधला "आ" तेवढा ऐकू येतो. लोकांना वाटतं जोरात बोललं की भागेल, जोरात बोललं की तो "आ" मोठा होतो, बाकी काही होत नाही. मशीन आणलं होतं कानाचं, त्यात पंखा, कुकर, गाड्या सगळंच मोठं ऐकू यायला लागलं आणि डोकं दुखायला लागलं, आता ते कपाटात आहे.

पण आबा वाचतात. पेपर पहिल्या पानापासून ते शेवटच्या पानावरच्या छोट्या जाहिरातीपर्यंत वाचतात, मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तर चष्म्याशिवाय वाचतात. म्हणजे पडद्याखाली मराठीत दोन ओळी आल्या असत्या तर ह्या माणसाला कुणाचीच गरज नव्हती.

आता तुम्ही काय दिलंय बघा. ऑडिओ इंग्रजी, हिंदी, तमिळ, तेलुगू, कन्नड, मल्याळम आणि बंगाली. सबटायटल फक्त इंग्रजी. मराठी कशातच नाही. मी चॅटवर विचारलं तर उत्तर आलं की महाराष्ट्रातल्या प्रेक्षकांना हिंदी समजत असल्यामुळं मराठीची वेगळी सोय केलेली नाही, कृपया हिंदी ऑडिओचा आनंद घ्यावा. चॅटवरची व्यक्ती सभ्य होती, तिच्याबद्दल तक्रार नाही, वरून आलेलं वाक्य ती चिकटवत होती हे मला पण कळतं. ते वाक्य ज्यांनी लिहिलं त्यांच्याशी मला बोलायचंय.

आम्ही विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत राहतो. एका गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही भाषा चालतात, भांडणं पण तिन्ही भाषांत होतात. शेजारच्या आक्का पद्मशाली, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या विणकर समाजातल्या आहेत, आईच्या विड्या वळायच्या जोडीदारीण. दोघी ओट्यावर बसतात, मांडीवर सूप, पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा, सकाळी विडी कंपनीच्या ब्रँचला माल द्यायचा म्हणून हात थांबत नाहीत आणि मान वर होत नाही. त्यामुळं ह्या बायका टीव्ही बघत नाहीत, ऐकतात. आक्कांनी तुमची मालिका मोबाईलवर तेलुगूत लावली. माझ्या आईला हिंदी भाजीवाल्यापुरतं येतं, मालिकेतलं डॉक्टर आणि सैन्यवाले बोलतात तसलं हिंदी तिला कळंना, मग आक्का तेलुगूत ऐकून आईला मराठीत सांगायला लागल्या, "ती पोरगी दार उघडायलीय गं, तो नको नको म्हणायलाय, उघडलं बघ, उघडलं!" महाराष्ट्रात राहणाऱ्या मराठी बाईला तुमची गोष्ट तेलुगूतून फिरून मराठीत ऐकायला लागली. आक्कांचे उपकार आहेत. त्यांना त्यांच्या भाषेत मिळालं ह्याचा आम्हाला आनंदच आहे, पलीकडच्या कन्नड घरात पण सगळे एकत्र बसून बघत होते, तेही छान वाटलं. फक्त हे विचारायचंय की आमचं काय चुकलं.

आकडे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत असणार, तरी लिहितो. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख आहेत, तेलुगू ८ कोटी ११ लाख, कन्नड ४ कोटी ३७ लाख. हिंदी आणि बंगालीनंतर देशात आम्हीच. म्हणजे माणसं कमी म्हणून मराठी ठेवलं नाही असं तुम्हाला म्हणता येत नाही, म्हणून मग "हिंदी समजतं" हे कारण पुढं आलं. आणि हिंदी समजतं हे तुम्ही कुणाला बघून ठरवलं? मला समजतं. मी टॉवेलच्या युनिटमध्ये डिस्पॅच बघतो, दिल्ली, इंदूरच्या पार्ट्यांशी दिवसभर हिंदीत बोलतो. माझ्यासाठी मी मागत नाहीये.

आता आबांनी ती मालिका कशी बघितली ते सांगतो.

नाव वाचून ते आधी म्हणाले, कुस्तीचं काय आहे का? आपल्याकडं झोंबी म्हणजे अंगाला अंग भिडवून धरणं, त्यांच्या तालमीतला शब्द. मी शंभर पानी वही घेतली आणि लिहून दिलं की हे मेलेले लोक उठून चालतात ते झोंबी, तिकडचा शब्द आहे. कुठला तिकडचा, म्हणाले. मग मोबाईलवर शोधून लिहिलं की हैती म्हणून देश आहे, तिथं आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांना उसाच्या मळ्यात मरेपर्यंत राबवायचे, आणि त्या लोकांत ही भीती होती की मेल्यावरपण कुणी आपल्याला उठवून पुन्हा मळ्यात जुंपेल, त्यातनं ही झोंबीची कल्पना आली. आबांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, "मेल्यावर पण पाळी?"

त्या एका वाक्यानंतर मला कळलं की ही मालिका ते माझ्यापेक्षा खोल बघणार आहेत. आणि तसंच झालं. तिसऱ्या भागात ती सगळी माणसं गोदामात अडकतात, बाहेर झोंबी, आवाज केला की मेले, म्हणून ती हातानं बोलायला लागतात. मला त्यातलं निम्मं कळलं नाही. आबा सरसावून बसले आणि मला सांगायला लागले, आता तो म्हणतोय दोघं तिकडनं जा, आता ती म्हणतीय पाणी संपलं. "आम्ही असंच बोलायचो की रे," म्हणाले. कारखान्यात आवाजामुळं सगळं हातावर आणि ओठांवर चालायचं, अंगठा ओठाला लावला की पाणी, दोन बोटं फिरवली की सुताची कांडी संपली, कपाळावरून बोट ओढलं की मालक आला. आयुष्यभर आवाजात राहून ते जे शिकले ते त्या शांततेच्या सीनमध्ये कामाला आलं. दहा मिनिटं माझे वडील मला टीव्ही समजावून सांगत होते, मला आठवत नाही असं शेवटचं कधी झालं होतं. तुमच्या दिग्दर्शकाला हे कुणीतरी कळवा, खरंच कळवा.

सीन संपला, माणसं तोंडानं बोलायला लागली, आणि आबा परत बाहेर.

तुम्ही म्हणाल ओठ बघून कळत असेल. मराठी बोलणाऱ्याचे ओठ ते वाचतात, समोर बसलं आणि हळू बोललं की बरंचसं कळतं. पण तुमच्या मालिकेत नटाचे ओठ इंग्रजीत हलतात, आवाज हिंदीत येतो आणि आबांना तो पण तुकड्यांत येतो, म्हणजे कानाचं डोळ्याला जुळत नाही. २०२० मध्ये सगळ्यांनी मास्क लावले तेव्हा ते असेच एकटे पडले होते, दुकानात, दवाखान्यात कुणाचंच तोंड दिसंना, त्या वर्षात त्यांनी घराबाहेर बोलणंच सोडलं. ह्या मालिकेत पहिल्या भागात रिकामे रस्ते आणि तोंड बांधलेली माणसं बघून गल्लीतल्या बऱ्याच जणांना ते दिवस आठवले, आई तर उठून आत गेली. आबांना त्यातलं जे आठवलं ते वेगळं होतं, त्यांनी फक्त माझ्याकडं बघून स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

वहीचं सांगत होतो. ५० मिनिटांचा भाग आम्हाला सव्वादोन तास लागायचा. पॉज करायचा, लिहायचं, आबा वाचणार, परत चालू. लिहीपर्यंत चेहरा निघून गेलेला असतो, घाबरलेल्या माणसाचा चेहरा आणि त्याचं वाक्य दोन्ही एकत्र बघायला मिळत नाही, आधी चेहरा मग चिठ्ठी. सातव्या भागात तो म्हातारा अंधारात पोराला शेवटचं काहीतरी सांगतो, मिनिटभर पडदा जवळजवळ काळा आहे, मला स्वतःला रडू आलं होतं, आबांनी हात हलवून विचारलं काय म्हणाला, आणि मी वहीत लिहिलं "काही नाही".

ऐकू न येणाऱ्या माणसाला घरचे दिवसात किती वेळा "काही नाही" आणि "नंतर सांगतो" म्हणतात हे तुम्हाला माहीत नसेल. लग्नात, जेवताना, सगळे हसतात तेव्हा. मी पण त्यातलाच निघालो. दुसऱ्या दिवशी ते वाक्य पूर्ण लिहून दिलं, त्यांनी वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं. पण ते त्या सीनला मिळायला पाहिजे होतं.

आता तक्रारी मुद्द्यानं लिहितो, म्हणजे नुसतं भावनेचं बोलतोय असं व्हायला नको.

एक. मराठीत सबटायटल नाही आणि ते का नाही ह्याचं धड कारण नाही. डबिंगला स्टुडिओ, कलाकार, खर्च लागतो हे समजू शकतो, सबटायटल म्हणजे लिहिलेली ओळ आहे.

दोन. जे इंग्रजी सबटायटल आहे त्यात पण फक्त बोललेलं आहे, आवाज नाहीत. झोंबीच्या मालिकेत निम्मी भीती आवाजात असते. दाराआड काहीतरी खरवडतंय, वरच्या मजल्यावर पाय ओढल्याचा आवाज येतोय, दूर कुत्रं भुंकून एकदम गप्प झालं, हे लिहून दाखवायला पाहिजे. आबा दर वेळी विचारायचे, सगळे एकदम का थांबले? त्यांना कुणी सांगितलंच नाही की आवाज झाला.

तीन. सात रस्त्याला तुमचं मालिकेचं होर्डिंग मराठीत होतं, मोबाईलवर जाहिरात मराठीत आली, सबस्क्रिप्शन संपत आल्याचा मेसेज मराठीत येतो. पैसे मागताना मराठी येतं. हे आमच्या घरात सगळ्यांना लागलंय.

चार. सुरुवातीला वयाची पाटी येते ती इंग्रजीत, अक्षर बारीक, तीन सेकंदात जाते. आईनं शेजारचं सहा वर्षांचं पोर मांडीजवळ बसवून घेतलं होतं, तिला काय माहीत पुढं काय दाखवणार आहेत. ते पोर दोन रात्री झोपलं नाही.

पाच. मेलला उत्तर नाही.

कायद्याचं पण बघितलं मी. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चं कलम ४२ म्हणतं की टीव्हीसारख्या माध्यमातला मजकूर दिव्यांगांना वापरता येईल अशा स्वरूपात मिळावा म्हणून सरकारनं पावलं उचलायची आहेत. आणि माहिती तंत्रज्ञान नियम २०२१ मध्ये तुमच्यासारख्या ऑनलाइन कंपन्यांसाठी आचारसंहिता आहे, त्यात लिहिलंय की शक्य तेवढं दिव्यांगांना कार्यक्रम बघता येतील यासाठी वाजवी प्रयत्न करायचे. मी वकील नाही, कोर्टात जायची भाषा करत नाही. "शक्य तेवढं" ह्यात सात भाषांचे आवाज बसतात आणि मराठीच्या दोन ओळी बसत नाहीत हे मला पटत नाही एवढंच म्हणतोय.

मित्रांना हे सांगितलं तर काही जण म्हणाले, झोंबी मराठीत बोलायला लागले तर हसू येईल, असल्या मालिका इंग्रजीतच बऱ्या. अरे बाबांनो, झोंबी बोलत नाहीत, माणसं बोलतात. आणि मराठीत हे चालत नाही म्हणावं तर जानेवारी २०२२ मध्ये "झोंबिवली" नावाचा अख्खा मराठी सिनेमा आला, डोंबिवलीत झोंबी, लोकांनी थिएटरात जाऊन बघितला. घाबरलेला माणूस जी भाषा बोलतो ती त्याची स्वतःची असते, आईला मराठीत "दार लाव" ऐकू आलं असतं तर ती दचकली असती, आक्कांनी सांगितल्यावर दचकली तशीच. दुसरे काही म्हणाले, म्हाताऱ्यांना कशाला दाखवतोस झोंबी, कीर्तन लाव. आबांना काय बघायचं ते आबा ठरवतील. त्यांनी स्वतः दुसऱ्या दिवशी रिमोट आणून माझ्या हातात दिला आणि वही काढली.

मागण्या साध्या आहेत.

आलेल्या आठही भागांना मराठी सबटायटल द्या, आवाजाच्या नोंदींसकट, आणि ते मराठी येणाऱ्या माणसाकडून लिहून घ्या. मशीननं केलेलं मराठी आम्ही बघितलंय, त्यात बायका "तो" होतात आणि "पळ" म्हणायच्या जागी "कृपया धावा" येतं. अक्षर मोठं करायची सोय टीव्हीवर पण द्या, मागं काळी पट्टी द्या, बर्फाच्या सीनमध्ये पांढरं अक्षर मला दिसत नाही तर आबांना काय दिसणार.

दुसऱ्या सीझनपासून मराठी डबिंग द्या, बाकीच्या भाषांसोबत त्याच दिवशी, सहा महिन्यांनी नको. ते सगळं पुण्याच्या पुस्तकी मराठीतच पाहिजे असं नाही, गावाकडचा शेतकरी दाखवलाय तर त्याला गावाकडचं बोलू द्या. विड्या वळणाऱ्या, शिलाई करणाऱ्या, स्वयंपाक करत ऐकणाऱ्या बायका किती आहेत ह्याचा तुमच्याकडं हिशोब नसेल, त्या पडद्याकडं बघत नाहीत म्हणून तुमच्या लक्षात आल्या नसतील.

वयाची आणि हिंसेची सूचना मराठीत, मोठ्या अक्षरात, वाचून होईपर्यंत ठेवा.

आणि "महाराष्ट्रातल्या प्रेक्षकांना हिंदी समजतं" हे वाक्य तुमच्या उत्तरांतून काढून टाका.

हे वाचणाऱ्यांना पण सांगतो, तुमच्या घरात कुणी कानानं कमी असेल, मागावरचे असतील, बॉयलरवरचे असतील, नुसतं वय झालेलं असेल, तर तुम्ही पण कंपनीला लिहा, मराठीतच लिहा. शिव्या घालू नका, त्यानं आपलं पत्र कचऱ्यात जातं. घरात काय झालं ते लिहा.

दुसऱ्या सीझनचं शूटिंग चालू झाल्याची बातमी आबांनी पेपरात वाचून मला दाखवली, त्यावर पेनानं गोल केलाय. वहीची ३१ पानं शिल्लक आहेत. तुमचं उत्तर मराठीत पाठवा, मी त्याची प्रिंट काढून त्यांच्या हातात देणार आहे, ते स्वतः वाचतील.

आपला,
एक प्रेक्षक
विडी घरकुल, सोलापूर